नाणी कशात ठेवायची? अल्बम, पुठ्ठ्याचे होल्डर की कॅप्सूल?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आजोबांची नाणी वाटणीत माझ्याकडे आलीत, दोनेकशे असतील. मांजरपाटाची पिशवी, पिशवी पितळी डब्यात आणि डबा ट्रंकेत, अशी वर्षानुवर्षं पडून होती. राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये आहेत, भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, दहा-बारा शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), नये पैसे आणि ॲल्युमिनियमची चौकोनी-षटकोनी चिल्लर ढिगाने.

मेनरोडवर एका स्टेशनरीवाल्याने अल्बम दाखवला, मऊ प्लास्टिकची पानं आणि त्यात कप्पे, दिसायला झकास आणि स्वस्त पण. ऑनलाइन बघायला गेलो तर पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, फ्लिप म्हणजे दोन कप्प्यांची प्लास्टिकची पाकिटं, कॅप्सूल म्हणजे गोल पारदर्शक डब्या असं काय काय निघालं आणि डोकं गरगरलं. विकायची अजिबात नाहीत. मुलगी दुसरीत आहे तिला बघायला आवडतात, हातात घेते, त्यामुळे लॉकरमध्ये गाडून ठेवायची नाहीत. काय घेऊ?

राणीछाप
तो अल्बम दुकानातच राहू द्या भाऊ. पान नाकाजवळ नेऊन बघा, नव्या रेनकोटचा येतो तसा वास आला की समजायचं पीव्हीसी आहे. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव घातलेला असतो, काही वर्षांनी तो बाहेर झिरपतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तांब्याच्या नाण्यांचं वाटोळं आधी होतं, चांदीचंही होतं, फक्त उशिरा कळतं. एका गृहस्थांचा अख्खा संग्रह विकायला आला होता तेव्हा मी बघितलाय, कप्प्यातून नाणं काढताना ते प्लास्टिकला चिकटून आलं आणि मागे कप्प्यावर राणीचा हिरवा ठसा राहिला. मुकुटाचे मणी सुद्धा मोजता येत होते त्या ठशात. 

नुसताच_वाचक
जागा पकडून बसतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

तांबट_आळी
मला या सगळ्याचं हसू येतं. आजोबांनी मांजरपाटाच्या पिशवीत ठेवली, साठ-सत्तर वर्षं टिकली ना? ना एसी ना कॅप्सूल. नाणी लोकांनी कनवटीला लावून, गाडग्यात पुरून, शेणाच्या भिंतीत लिंपून ठेवली आणि आज आपण बघतोय. हे होल्डर-बिल्डर म्हणजे विकणाऱ्यांची चांदी. पिशवीतच राहू द्या.

तिखट_तर्री
तांबटकाकांना +१. जोगलटेंभीला नहपानाची एवढी नाणी सापडली त्यांना कोणी फ्लिप घातली होती? अठराशे वर्षं आरामात पडून होती.

सिन्नरकर
तर्रीभाऊ, आमच्या तालुक्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. १९०६ साली जोगलटेंभीला तेरा हजारांच्या वर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. म्हणजे शत्रूला हरवलं आणि त्याच्याच पैशावर आपला शिक्का उमटवला, असा माणूस!

पण चांदी होती म्हणून एवढी टिकली हो. तांबं जमिनीतून निघतं तेव्हा कितीदा नुसता हिरवा खडा हातात येतो, कुठल्या राजाचं तेही कळत नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, १९८० पासूनची संस्था. गोदाकाठ, मुलीला घेऊन एकदा जाऊन याच.

केमिस्ट्रीच्या_मॅडम
राणीछाप यांनी बरोबर लिहिलंय, थोडी भर घालते. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ते सावकाश विघटित होतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, त्यात तो मऊ करणारा द्रव पण झिरपतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये माळ्यावर काय तापतं आणि लगेच जूनपासून ओल, दोन्ही आयतंच मिळतं.

तांबट_आळी, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुती कापड रासायनिकदृष्ट्या गरीब आहे, ते नाण्याला फारसं काही करत नाही. त्यामुळे "पिशवीत टिकली आणि अल्बममध्ये पाच-सात वर्षांत खराब झाली" हे खरंच घडतं. पण पिशवीत नाणी एकमेकांवर घासतात. जुना रुपया तिरका धरून उजेडात बघा, राजाच्या गालावर बारीक रेघा दिसतील, त्या बहुतेक शेजारच्या नाण्यांच्या. तेव्हा पर्याय दोनच नाहीत, प्लास्टिक कुठलं हे बघायचं. मायलर म्हणजे पॉलिएस्टर चालतं, पॉलिप्रोपिलीन चालतं, पॉलिथिलीन चालतं, कॅप्सूलचं ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीन पण चालतं. मायलर कडक असतं, दुमडलं की कडकड वाजतं आणि लवकर फाटतं. जे लोण्यासारखं मऊ आणि लवचिक ते संशयित.

खात्री करायची तर विकत घेतलेल्या पानाचा कोपरा कापा. तांब्याची तार ज्योतीत तापवा, ज्योतीला रंग यायचा थांबला की ती गरम तार प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. लख्ख हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे. गच्चीत करा, धूर नाकात घेऊ नका, आणि कृपया तारेऐवजी ढब्बू पैसा वापरू नका.

तिखट_तर्री
मॅडम शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं ना

केमिस्ट्रीच्या_मॅडम
हो.

व्हर्नियरवाला
अंबड एमआयडीसीत आयुष्य गेलं त्यामुळे आधी मापाचं बोलतो. पुठ्ठ्याचे होल्डर सगळे बाहेरून दोन इंच बाय दोन इंच, मधली मायलरची खिडकी मात्र वेगवेगळ्या मापाची, साडेसतरा मिमी, वीस, साडेबावीस, पंचवीस, साडेसत्तावीस, तीस, साडेबत्तीस असं चढत जातं. लोक एकाच मापाचं पाकीट घेतात आणि मग नये पैसे खिडकीत लोळतात नाहीतर रुपया कडेला अडकतो. ब्रिटिश चांदीचा रुपया ३०.५ मिमी, त्याला तीसची खिडकी घेतलीत तर पुठ्ठा नाण्याच्या कडेवर बसेल, साडेबत्तीसच लागते. नवा पैसा १६ मिमी, त्याला साडेसतरा. अकरा कोनांचा जुना दोन रुपया २६ आणि दोन धातूंचा दहा रुपया २७, दोन्ही साडेसत्तावीसमध्ये. 

आणि एक, माप घ्यायला कंपनीतला स्टीलचा व्हर्नियर लावू नका, त्याच्या जबड्याची धार चांदीवर रेघ मारते. शालेय साहित्याच्या दुकानात प्लास्टिकचा मिळतो तो घ्या, अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी आपलं काही विमान पडत नाही.

गोदाकाठ
बापरे एका रात्रीत एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. अल्बम कटाप. मग पुठ्ठ्याचे होल्डर घेऊ असं वाटतंय, पण त्याला स्टेपलर मारायचा असतो ना? नाण्याच्या शेजारी पिन म्हणजे जिवाला घोर. आणि शिवराया त्यात बसतील का, त्या तर जाडजूड आणि वेड्यावाकड्या आहेत.

राणीछाप
पिन नाण्यापासून लांब, कडेच्या बाजूंना मारायची. मारून झाली की पकडीने मागची वळलेली टोकं दाबून सपाट करायची, नाहीतर एक होल्डर दुसऱ्यावर ठेवला की पिनेचं टोक शेजारच्याच्या मायलरमधून आत जातं. पावसाळ्यात साध्या पिना गंजतात, तेव्हा वर्षातून एकदा नजर टाकायची. आणि नाणं बाहेर काढायचं असेल तेव्हा आधी सगळ्या पिना काढा, मगच पुठ्ठा उघडा. अर्धवट उघडून नाणं ओढलं की पिनेच्या टोकाने जी रेघ पडते ती कायमची.

चिकटपट्टीवाले पण मिळतात, पिन लागत नाही. मला ते आवडत नाहीत, उन्हाळ्यात गोंद कडेने सरकतो.

देवळाली_कॅम्प
मी चिकटपट्टीवालेच वापरतो आणि माझा काही गोंद सरकलेला नाही. मात्र कपाट आतल्या खोलीत आहे, भिंतीवर ऊन येत नाही. एकदा चिकटवलं की उघडायला फाडावंच लागतं हे मान्य.

शिवराईवेडा
शिवराईचा प्रश्न आला म्हणून लॉगिन झालो. शिवराई पुठ्ठ्यात कोंबू नका. जाडीमुळे मायलर ताणलं जातं आणि कधीतरी फाटतं. शिवराई पाडताना तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असायचा, म्हणूनच "श्री राजा शिव" पैकी एका नाण्यावर "राजा" दिसतं, दुसऱ्यावर नुसता "शिव", आणि मागचं "छत्रपति" पूर्ण मिळालं तर नशीब. त्यामुळे दोन शिवरायांचा आकार सारखा नसतोच, गोल कॅप्सूल पण कामाची नाही, आत खुळखुळते. मी मायलरची दोन कप्प्यांची फ्लिप वापरतो, एका कप्प्यात नाणं आणि दुसऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीवर वजन, कुठून आलं, दुदांडी (दोन रेघांची) आहे का जुनी, असं पेन्सिलने लिहायचं. मायलर कडक असतं त्यामुळे फ्लिपमध्ये नाणं सारखं आतबाहेर केलं तर त्याच्याच कडेने ओरखडा येऊ शकतो, एकदा घातलं की शांत राहू द्या.

चांदवडी रुपये असतील तर त्यांनाही हेच, ते पण जाड आणि घेराने लहान. चांदवडला मराठ्यांच्या काळात टांकसाळ होती, नाण्यावर फार्सीत "जाफराबाद उर्फ चांदोर" असतं. गोदाकाठ, फोटो टाका ना, एखादा निघाला तर मजा येईल.

बागाईतदार_दिंडोरी
आमच्याकडची गोष्ट सांगतो, कामाला येईल. आईचे चांदीचे रुपये शेतघरातल्या लाकडी पेटीत होते आणि त्याच खोलीत द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या गोण्या रचलेल्या. द्राक्षाचा एक सीझन संपेस्तोवर रुपये आधी पिवळट, मग जांभळे-निळे आणि कडेने काळे ठिक्कर. पेटी बंद होती, कुलूप होतं, तरी. तेव्हा होल्डर कुठला घ्यायचा त्याच्या आधी खोलीत काय आहे ते बघा. मी आता कॅप्सूल घेतल्यात आणि त्या गावातल्या घरी ठेवल्यात, बागेवर नाही.

तिखट_तर्री
मग लासलगावकरांनी काय करायचं? कांद्याच्या चाळीत कॅप्सूल घालून झोपायचं का?

केमिस्ट्रीच्या_मॅडम
हसताय पण कांद्याच्या वासात गंधकच असतं. चाळीशेजारी चांदी ठेवूच नये. शिवाय रबर बँड! होल्डरच्या गठ्ठ्याला लोक हौसेने रबर बँड लावतात, रबरात गंधक असतं, बरोबर त्या रेषेत चांदीवर काळा पट्टा उमटतो. लोकर आणि मखमलीचं अस्तर पण टाळावं, सराफाकडून आलेल्या लाल मखमली डब्या दिसायला छान, साठवणुकीला नाही. नवं प्लायवूड आणि सागवान सुद्धा आम्लाची वाफ सोडतं. जुनं रंग दिलेलं लोखंडी कपाट उत्तम. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नकोत, त्यांच्या वाफेने काही कॅप्सूलचं प्लास्टिक मऊ पडतं.

पंचवटीची_सून
मला वेगळीच अडचण आहे. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला सासूबाई सगळे चांदीचे रुपये ताटात मांडतात, पंचामृताने आंघोळ, वर हळदकुंकू, आणि भाऊबीज झाली की रांगोळीने घासून लख्ख करून परत डब्यात. पंचम जॉर्जची दाढी गेली, आता नुसता टकला राजा राहिलाय. सांगायची सोय नाही, "आमच्या सासूबाईंपासून असंच चालत आलंय" म्हणतात.

राणीछाप
देवा. रांगोळी म्हणजे दगडाची पूड आहे हो ताई, दरवर्षी चांदीचा थर जातो. दही-मधाचं आम्ल त्याच्या आधी. त्यांच्यात १९११ चा रुपया नाही ना? त्या साली राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बारीक कोरला होता की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा बदल केला. १९११ चे बरेचसे वितळवले गेले. घासलेल्या रुपयावर हत्ती-डुक्कर काहीच कळणार नाही.

व्हर्नियरवाला
आमच्याकडे असाच तिढा होता. एक घासून गुळगुळीत झालेला रुपया "लक्ष्मीचा" म्हणून कायमचा देवघरात दिला, अभिषेक काय करायचा तो त्याला. बाकीचे कॅप्सूलमध्ये बंद करून ताटात मांडतो, हळदकुंकू कॅप्सूलवर. भटजींनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या, आता तेच विचारतात या डब्या कुठे मिळतात.

पंचवटीची_सून
ही आयडिया भारीये. या दिवाळीला सासूबाईंना "नवीन पारदर्शक डबी आणली" म्हणून भेटच देते.

नोटाप्रेमी_नाशिकरोड
नोटांच्या गावात बसून नाण्यांचा धागा! आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतायत, त्याचं कोणाला काही नाही. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडाला पडतात, तिकडच्यांना विचारा. हलके घ्या.

अवांतर नाही, उपयोगाचं: पीव्हीसीची पानं नोटांना पण वाईट. आणि नाणी-नोटा एकाच अल्बममध्ये ठेवू नका, नाण्याच्या वजनाने पान वाकतं आणि नोटेवर गोल वळ उठतो.

देवळाली_कॅम्प
कॅप्सूलबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून. प्रत्येक नाण्याच्या मापाची कॅप्सूल घ्यायची, ३०.५ ला ३१ ची चालते, त्यात नाणं हलता कामा नये. आत काळ्या फोमची रिंग असलेल्या स्वस्तातल्या येतात, मी त्या घेत नाही, फोम वर्षानुवर्षं नाण्याच्या कडेला टेकून राहतो आणि तो कशाचा आहे कोणी सांगत नाही. टांकसाळीची ४४ मिमीची स्मारक नाणी असतील तर दोन इंची पुठ्ठ्याचा नाद सोडा, कॅप्सूलच. एनजीसी, पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांचे सीलबंद स्लॅब हे विकणाऱ्यांसाठी, तपासणीचा खर्च साध्या नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तुम्हाला विकायचंच नाही तर पैसे का घालवता.

पण दोनशे नाण्यांना दोनशे कॅप्सूल घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या तीन पैशाला कॅप्सूल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तांबट_आळी
चला, कोणीतरी खर्चाचं बोललं. मी अजून म्हणतो, चिल्लर आहे ती चिल्लरसारखी ठेवा. नाण्यावर नाणं घासतं हा मॅडमचा मुद्दा पटला, त्याला माझा उपाय, साध्या पांढऱ्या कागदाची छोटी पाकिटं, एकात एक नाणं. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल लागतं एवढं मलाही कळतं.

केमिस्ट्रीच्या_मॅडम
चालेल. कागद आम्लविरहित मिळाला तर फारच छान. फक्त दुसरीतल्या मुलीला पाकिटातलं नाणं दिसणार कसं? प्रत्येक वेळी बाहेर काढणार, बोटांचा घाम लागणार. तांब्यावर बोटाचा ठसा काही आठवड्यांत तपकिरी होऊन बसतो आणि मग निघत नाही. तिच्यासाठी तरी पारदर्शक हवं.

सराफबाजारातला
आमच्याकडे होल्डरपेक्षा मोठा प्रश्न मजल्याचा. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं की आम्ही खालचं सामान वर न्यायला लागतो. २०१९ च्या पुरात एका ओळखीच्यांचे पुठ्ठ्याचे होल्डर भिजले, पुठ्ठा लगदा झाला आणि पिना गंजून नाण्याच्या कडेला डाग. कॅप्सूलमधली पुसून घेतली की झालं. तेव्हा नदीकाठी राहणाऱ्यांनी पुठ्ठा घेतलात तर वरून झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि डबा वरच्या मजल्यावर.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, केशरी. रंग उतरला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशावर तापवून परत वापरता येतं. डब्यात नाण्यांना चिकटून ठेवू नका. बँकेचा लॉकर तळघरात असेल तर तिथेही पुडी टाका, तिथली हवा घरापेक्षा दमट असते.

गोदाकाठ
पूर आमच्याकडे पण येतो, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ठीक. काल रात्री सगळी नाणी टॉवेलवर मांडून वेगळी केली. पाच-सहा तांब्याच्या नाण्यांवर हिरवं आहे. अल्बममध्ये कधीच नव्हती, मग हे काय? चिंच लावू का?

केमिस्ट्रीच्या_मॅडम
चिंच नको! लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट काही नको. लाकडाची टूथपिक घेऊन हलकेच टेकवा. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवं असेल तर तो जुना थर आहे, त्याला हात लावू नका, तो नाण्याला सांभाळतोच. चिकट तेलकट असेल तर प्लास्टिकचं किंवा तेला-तुपाचं. त्याला शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी, गॅस बंद, नाणं बुडवून ठेवायचं, घासायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेल असतं.

आणि फिकट हिरवी पूड असेल, टोचल्यावर भुरभुर पडत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर तो क्लोराइडचा रोग, ओल मिळाली की आत खात जातो. ती नाणी आजच बाकीच्यांपासून वेगळी करा, वेगळ्या डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत. त्यांना हवाबंद कॅप्सूल घालून विसरून जाणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते.

गोदाकाठ
चार गडद घट्ट आहेत. दोन भुरभुरीत निघाली, दोन्ही शिवराया. वेगळी ठेवली.

शिवराईवेडा
अरेरे. त्या दोघींना घेऊन जाणकाराला दाखवा, घरी प्रयोग नको. आणि फोटो?

गोदाकाठ
फोटो रविवारी. ठरलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा: चांदीच्या रुपयांना मापाच्या कॅप्सूल, भोकाचे पैसे, ढब्बू आणि बाकी तांब्या-पितळेची पुठ्ठ्यात, शिवराया मायलर फ्लिपमध्ये चिठ्ठीसकट, ॲल्युमिनियमच्या चिल्लरीतली प्रत्येक प्रकारची एकेक चांगली पुठ्ठ्यात आणि उरलेली तांबटकाकांच्या कागदी पाकिटात. मुलीला त्याच चिल्लरीतली वीस-पंचवीस नाणी वेगळ्या डबीत, कशीही खेळ म्हणून.

तांबट_आळी
कागदी पाकिटं आलीच शेवटी.

राणीछाप
यादी बरोबर आहे. फक्त १९४० ते ४५ चे रुपये वेगळे काढा, ते निम्मेच चांदीचे, बाकी तांबं, निकेल, जस्त. ओलीला ते तांब्यासारखे वागतात, त्यांच्या डब्यात सिलिका जेल हवीच. सन राजाचा चेहरा नसलेल्या बाजूला खाली असतं, भिंग घेऊन बसा.

व्हर्नियरवाला
मोठ्या रुपयांना ३१ ची कॅप्सूल घेण्याआधी चार-पाच रुपये मोजून बघा, घासलेला रुपया जरा कमी भरतो. रविवारी मोकळा आहे, प्लास्टिकचा व्हर्नियर घेऊन येऊ का?

गोदाकाठ
या की. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मिसळ माझ्याकडून.

तिखट_तर्री
मापं मला पण घेता येतात.

व्हर्नियरवाला
तुम्ही आधी ढब्बू पैसा खाली ठेवा.